४२ मंजूर, २९ हातात : लढाऊ विमानांचा हिशेब नेमका कुठे अडतो?

उलवेकर | २५ ऑक्टोबर २०२५, सकाळी ९:४०

यंदा आमच्या सोसायटीतल्या पोरांनी दिवाळीच्या किल्ल्याच्या पायथ्याशी विहीर-शेत न करता धावपट्टी केली. उलव्यात दुसरं काय होणार म्हणा. गेल्या वर्षी ११ ऑक्टोबरला नवी मुंबईच्या नव्या विमानतळावर हवाई दलाचं सी-२९५ हे वाहतुकीचं विमान पहिल्यांदा उतरलं आणि एक सुखोई धावपट्टीवर खाली येऊन न टेकता परत वर गेलं. तो आवाज ऐकल्यापासून पोरं बिघडली आहेत. तर बुरुजावर मावळे आणि खाली प्लास्टिकची विमानं, असा सगळा थाट. भाऊबीजेला आलेल्या एका पाहुण्यांनी सहज विचारलं, "आपल्याकडे अशी किती?" झालं! एक म्हणाले हजार, दुसरे म्हणाले पाचशेच्या वर नसतील, तिसऱ्यांनी मोबाइल काढून कुठलासा ढकललेला मेसेज वाचायला घेतला. चिवडा संपला, वाद संपला नाही. म्हणून धागा.

आधी मोजायचं माप. हवाई दल विमानं सुटी मोजत नाही, स्क्वाड्रनमध्ये मोजतं. एका स्क्वाड्रनमध्ये ढोबळमानाने १८ विमानं धरा, त्यातली एकदोन दोन आसनी, प्रशिक्षणाची. मंजूर संख्या ४२ स्क्वाड्रन. २६ सप्टेंबरला चंदिगडला मिग-२१ निवृत्त झालं, हवाई दलप्रमुख अमरप्रीत सिंग स्वतः 'बादल ३' या नावाने ते शेवटचं उडवून आले, आणि त्या दिवसापासून आपण २९ वर आहोत. १९६३ मध्ये चंदिगडलाच आलेलं विमान ६२ वर्षांनी तिथूनच गेलं.

२९ ची फोड अशी : सुखोई-३० च्या १३, जग्वारच्या ६, मिराज-२००० च्या ३, मिग-२९ च्या ३, राफेलच्या २, तेजसच्या २.

आता यातल्या वयस्कर मंडळींकडे बघा. जग्वार १९७९ पासून आहे. ते ज्या ब्रिटन आणि फ्रान्सने मिळून बनवलं त्यांनी आपापली जग्वार कधीच मोडीत काढली, फ्रान्सने २००५ ला, ब्रिटनने २००७ ला. मिराज १९८५ चं, मिग-२९ १९८७ चं. तिन्ही मिळून १२ स्क्वाड्रन. पुढच्या दहाबारा वर्षांत ही सगळी टप्प्याटप्प्याने जाणार.

आणि येणार काय? तेजस मार्क-१ए. फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ ची ऑर्डर, गेल्या महिन्यात २५ सप्टेंबरला आणखी ९७ ची. एकूण १८०, म्हणजे १० स्क्वाड्रन.

हिशेब करा : २९ वजा १२ अधिक १० = २७.

मी हे तीनदा करून बघितलं. म्हणजे दोन्ही ऑर्डरींतलं एकूणएक विमान वेळेवर आलं तरी आपण आजच्यापेक्षा दोनने खालीच असू. बातमी मात्र "९७ विमानांची विक्रमी खरेदी" अशी वाचली, आणि मीही ती सोसायटीच्या ग्रुपवर फटाक्याच्या चित्रासकट टाकली होती. माझं म्हणणं एवढंच : किती 'घेतली' हा प्रश्न चुकीचा आहे. वर्षाला किती येतात आणि किती जातात, ते विचारा. हवाई दलप्रमुखांनीच फेब्रुवारीत सांगितलं की वर्षाला ३५ ते ४० नवी विमानं हवीत. तेजस बांधणाऱ्या एचएएलच्या (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) बंगळुरूतल्या दोन लाइनींची क्षमता १६ आणि नाशिकच्या तिसरीची ८. पूर्ण जोरात चालल्या तर २४.

वसुबारसेच्या दिवशी, १७ तारखेला, नाशिकजवळच्या ओझरहून, एचएएलच्या कारखान्यातून, पहिलं मार्क-१ए उडालं ते सगळ्यांनी बघितलं असेल. छान वाटलं. पण हवाई दलाच्या ताब्यात अजून एकही मार्क-१ए नाही, आणि पहिलं यायचं होतं मार्च २०२४ ला.

जाणकारांनी चुका दाखवाव्यात.

---

घोडबंदरचा_बाळ्या | सकाळी १०:१५

वाचतोय. एक भाबडा प्रश्न. आमच्या कोलशेतला एअर फोर्स स्टेशन आहे, येऊरच्या डोंगरावरही आहे. मग तिथे विमानं का दिसत नाहीत? लहानपणी आम्हाला सांगायचे की डोंगराच्या पोटात लपवलेली आहेत.

---

उलवेकर | सकाळी १०:२२

बाळ्या, कोलशेतला धावपट्टीच नाही रे. हवाई दलाचं प्रत्येक ठाणं म्हणजे विमानतळ नव्हे. आपल्याला जवळची लढाऊ विमानं म्हणजे पुण्याची, लोहगावची. मिग-२९ आणि सुखोई, दोन्ही आपल्याकडे पहिल्यांदा तिथेच आली.

डोंगराच्या पोटातलं मीही ऐकलंय. आमच्या आळीत ते पारसिकच्या डोंगरात होतं.

---

माजी_ओझरकर | सकाळी ११:५०

उलवेकर, हिशेब बरोबर आहे, पण थोडा उदार आहे. १८० भागिले १८ असं सरळ करता येत नाही. काही विमानं राखीव ठेवावी लागतात, अपघातात जातात त्यांची जागा भरायला आणि ओव्हरहॉलला गेलेल्यांच्या बदल्यात. त्यामुळे १० स्क्वाड्रन म्हणताना हात आखडता घ्या. गेल्या डिसेंबरात १२ नव्या सुखोईंचा करार झाला, साधारण १३,५०० कोटींचा. त्याने एकही स्क्वाड्रन वाढणार नाही. आजवर पडलेल्यांची ती भरपाई आहे.

मी १९७९ ला ओझरला फिटर म्हणून लागलो, २०१६ ला सुटलो. हल्ली मुलाकडे खारघरला असतो. मिग-२१ बिस, मग मिग-२७, मग सुखोई, तिन्ही लाइनींवर हात चाललेत. त्यामुळे कागदावरचं विमान आणि उडणारं विमान यातला फरक जरा सांगतो.

कुठल्याही बसडेपोत जा. ताफ्यात शंभर गाड्या आहेत म्हणतात, सकाळी सुटतात सत्तर. बाकीच्या कुणाचा गिअरबॉक्स उतरवलाय, कुणाला टायर नाही. विमानांचं तेच. २०१५ च्या कॅगच्या अहवालात सुखोईची उपलब्धता ५५ ते ६० टक्के निघाली होती, अपेक्षा ७५ ची होती. म्हणजे शंभरातली चाळीस-पंचेचाळीस उभी! उभ्या विमानाला आम्ही 'एओजी' म्हणायचो. आणि एओजी विमान म्हणजे बाकीच्यांसाठी दुकान. याचा पंप काढ, त्याला लाव. संध्याकाळी दुसरं उडतं, साहेब खूश, पण पहिल्याला आता दोन वस्तू हव्या असतात.

ओव्हरहॉलला विमान आलं की रंग उतरवून ते हाडापर्यंत उघडायचं. वायरिंग बाहेर, टाक्या बाहेर. मग रंगद्रव्य लावून तडे शोधायचे, जे तसे दिसत नाहीत ते एडी करंटने, म्हणजे धातूत विजेचे भोवरे उठवून. एक केसाएवढा तडा सापडला की पुढचे दोन महिने गेले. तोवर ते विमान स्क्वाड्रनच्या यादीत असतं आणि स्क्वाड्रनमध्ये नसतं. आता ८४ सुखोईंच्या मोठ्या आधुनिकीकरणाची योजना आहे, नवं रडार वगैरे. ते व्हायलाच हवं, पण तितका काळ तीही लाइनीवर नसतील, हेही उलवेकरांनी २९ मधून मनातल्या मनात वजा करावं.

आणखी एक. २२२ सुखोई आम्ही नाशिकला बांधल्या. शेवटची बाहेर पडली आणि नवीन बांधणीचं काम जवळपास थांबलं, राहिला तो ओव्हरहॉल. जिगवर, म्हणजे बांधणीच्या साच्यावर, झाकण घालून ठेवता येतं. पण वीस वर्षं रिव्हेट मारलेला माणूस मध्ये रिटायर होतो आणि नव्या पोराला पहिल्यापासून शिकवावं लागतं. आता तेजसची तिसरी लाइन आणि एचटीटी-४० या शिकाऊ विमानाची दुसरी लाइन एकाच दिवशी सुरू झाल्या, आनंद वाटला. एक जुना सहकारी म्हणाला, "वर्षाला आठ म्हणतात, बघू." त्या 'बघू'त सगळं आलं.

---

सानपाड्याची_सई | दुपारी १२:३०

काका, मस्त प्रतिसाद! इतके दिवस होतात कुठे?

माझा प्रश्न पैशांचा आहे. मी बँकेत असते, त्यामुळे भागाकार आधी करते. ९७ तेजस ६२,३७० कोटींना, कर वेगळे. म्हणजे एक ६४३ कोटींना. नौदलाने एप्रिलमध्ये २६ राफेल घेतली सुमारे ६३,००० कोटींना. एक २,४०० कोटींच्या वर. जवळपास तेवढ्याच पैशात एकीकडे ९७ आणि दुसरीकडे २६. मग राफेलचा हट्ट कशाला?

---

उलवेकर | दुपारी १२:५५

सई, भागाकार बरोबर, पण भाज्य सारखं नाही. राफेलच्या रकमेत शस्त्रं, सिम्युलेटर, प्रशिक्षण, सुटे भाग, पुढची काही वर्षं देखभाल असं सगळं बांधलेलं आहे. शिवाय ते जहाजावर उतरणारं विमान. लग्नाच्या हॉलचं भाडं 'जेवणासकट' आणि 'नुसता हॉल' असं असतं ना, तसं. तेजसच्या रकमेतही संबंधित उपकरणं आहेत, पण दोन्ही पाकिटांत काय काय आहे ते शेजारी ठेवल्याशिवाय दर काढू नये.

दुसरं म्हणजे दोघांची कामं वेगळी. राफेलला दोन इंजिनं. ते जास्त ओझं घेऊन लांब जातं. तेजस हलकं, मिग-२१ ची जागा घेण्यासाठी १९८३ मध्ये मनात धरलेलं. पहिलं उड्डाण ४ जानेवारी २००१. मिग-२१ निवृत्त झालं तरी तेजसच्या दोनच स्क्वाड्रन उभ्या आहेत, हे मात्र मनाला लागतं.

---

कोपरीकर | दुपारी १:४०

सगळेच १९९९ मध्ये अडकलेत. मे महिन्यात काय झालं ते बघितलं नाही का? 'सिंदूर'च्या वेळी ड्रोन आणि क्षेपणास्त्रं आली, ती पाडायला एस-४०० या हवाई संरक्षण यंत्रणेने काम केलं. पुढची लढाई ड्रोनची. ६४३ कोटींत किती ड्रोन येतील मोजा. ४२ स्क्वाड्रन हा आकडाच जुन्या काळाचा आहे, त्याला कवटाळून बसायचं कारण नाही.

---

घोडबंदरचा_बाळ्या | दुपारी १:४४

कोपरीकर +१. आणि हे सगळं त्या मागच्या सरकारने

---

नेमस्त | दुपारी १:५८

वरचा प्रतिसाद अर्ध्यावर तोडला आहे. कुठलं सरकार हे वेगळ्या धाग्यावर. इथे विमानं.

---

सानपाड्याची_सई | दुपारी २:२०

कोपरीकर, निम्मं पटलं. पण त्याच मे महिन्यात ब्राह्मोस कुणी नेऊन सोडली? सुखोईने. ड्रोन स्वस्त आहेत ते बरोबर, पण अडीच टनांचं क्षेपणास्त्र उचलायला अजून विमानच लागतं. आणि त्या लढाईत आपलीही विमानं पडली, हे संरक्षण दलप्रमुखांनी मे अखेरीस सिंगापूरला मान्य केलं, आकडा न देता. आकडा काहीही असो, पडलेल्याच्या जागी दुसरं कधी येणार, हाच तर उलवेकरांचा प्रश्न आहे. दोन महिन्यांत दुसरा ड्रोन येईल. दुसरं राफेल नाही येत.

(भागाकाराबद्दल उलवेकरांचं ऐकलं. हॉलचं उदाहरण चपखल. माझ्या भावाच्या लग्नात असाच गंडलोय.)

---

रबाळ्याचा_टर्नर | दुपारी ३:३५

आमचं रबाळ्याला छोटं मशीनशॉप आहे. चार सीएनसी, एक पाच अक्षांचं. दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या कंपनीकडून विमानाच्या एका ब्रॅकेटचं काम मिळालं. नाव नको. हाताच्या पंजाएवढा तुकडा. तो अनुभव सांगतो म्हणजे 'उत्पादन वाढवा' हे बोलणं किती सोपं असतं ते कळेल.

टायटॅनियमचा ठोकळा येतो, त्याच्यासोबत त्याची कुंडली येते. कुठल्या भट्टीत, कुठल्या घाणातला, कुणी तपासला. त्या कागदावरचा एक नंबर चुकला तर धातू उत्तम असला तरी भंगार. टायटॅनियम कापताना उष्णता कापात राहते, टूल जळतं, म्हणून वेग कमी ठेवावा लागतो. गाडीचे शंभर पार्ट निघतात तेवढ्या वेळात याचे चार. पहिला नग आम्ही बनवला तीन आठवड्यांत आणि तो मंजूर व्हायला लागले आठ महिने. रेखाचित्रातलं प्रत्येक माप मोजून, फॉर्म भरून, सही. मग सही करणाऱ्यांची बदली. मग पुन्हा.

त्या आठ महिन्यांत मशीन आणि कारागीर आम्ही दुसऱ्या कामाला लावले, नाहीतर बँकेचा हप्ता कोण भरणार? नंतर ऑर्डर आली बावीस नगांची. बावीस! आमच्या धंद्यात बावीस म्हणजे दुपारच्या चहापर्यंतचं काम असतं. शेजारच्या गाळ्यातला म्हणाला, "अरे वाहनांचे पार्ट कर, कशाला हा मान मिरवतोस?" खोटं कशाला बोलू, मान मिरवायचा होताच.

आता ९७ ची ऑर्डर आली, ८३ ची आधीची आहे, तर पुढची सहासात वर्षं काम दिसतंय. तेव्हाच मी दुसरं पाच अक्षांचं मशीन घेण्याचा विचार करू शकतो. वीस-वीसच्या तुटक ऑर्डरी देऊन कुणी वेंडर उभा राहत नाही. पहिली २०, मग २०, मग ८३, मग ९७. हेच १८० एकदम २०१५ ला दिले असते तर आज रबाळे-महापे पट्ट्यात पन्नास गाळे हे काम करत असते. माझा अंदाज, पुरावा नाही.

---

माजी_ओझरकर | दुपारी ४:१०

टर्नरभाऊ, आठ महिने म्हणजे लवकर झालं तुमचं. :)

पण तुमच्या ब्रॅकेटमुळे विमान अडलेलं नाही. अडलं ते इंजिनापायी. मार्क-१ए ला अमेरिकेचं जीईचं एफ-४०४ लागतं. ऑगस्ट २०२१ मध्ये ९९ मागवली. पहिलं आलं मार्च २०२५ ला. सांगाडे तयार आणि पोट रिकामं, अशी लाइन मी तरुणपणी मिग-२७ वर बघितली आहे. फिटरला त्यासारखं वाईट वाटत नाही. नुसतं इंजिनावर खापर फोडू नका मात्र. रडार, शस्त्रं आणि सॉफ्टवेअर जुळवण्याची कामंही मागे होतीच.

हे दुखणं आजचं नाही. एचएफ-२४ मारुत १९६१ ला उडालं. जर्मनीच्या कुर्ट टँक यांनी आपल्यासाठी आखलेलं देखणं विमान. त्याला जोराचं इंजिन कधी मिळालंच नाही, ऑर्फियसवर भागवलं. शंभरदीडशे बांधली आणि संपलं. पुढे तेजससाठी कावेरी हे देशी इंजिन १९८६ मध्ये हाती घेतलं, २००८ मध्ये तेजसपासून वेगळं केलं. आता अ‍ॅम्का या पाचव्या पिढीच्या नियोजित लढाऊ विमानासाठी फ्रान्सच्या साफ्रानबरोबर नवं इंजिन करायचं चाललंय. ते होवो. सुखोईचं बरं आहे, तिची इंजिनं ओडिशात कोरापूटला बनतात. गेल्या वर्षी सप्टेंबरात २४० चा करार झाला. एका सुखोईला दोन लागतात हे लक्षात ठेवून भागाकार करा, सईताई.

---

सानपाड्याची_सई | दुपारी ४:१५

१२० विमानांची जोडी. केला. :D

---

कोपरीकर | संध्याकाळी ६:०५

बरं, ड्रोनने सगळं होईल असं मी म्हणत नव्हतो. ब्राह्मोसचा मुद्दा मान्य. पण मग बाहेरून घ्यायला अडचण काय? ११४ राफेलचं ऐकतोय कधीपासून.

---

उलवेकर | संध्याकाळी ७:२०

कोपरीकर, 'कधीपासून' हा शब्द अगदी योग्य वापरलात. २००७ मध्ये १२६ विमानांची निविदा निघाली. २०१२ ला राफेल निवडलं. तीन वर्षं घासाघीस, मग २०१५ ला तो सौदा बाजूला आणि ३६ थेट घ्यायचं ठरलं. २०१६ ला करार. पहिली पाच अंबाल्याला उतरली २९ जुलै २०२० रोजी. म्हणजे १२६ मागायला निघालो आणि १३ वर्षांनी पहिली पाच. निविदा निघाली तेव्हा मी कॉलेजात होतो, ती उतरली तेव्हा मुलीला बालवाडीत घातलं होतं.

११४ ची विचारणा २०१८ मध्ये झाली. आता सप्टेंबरात बातम्या आल्या की हवाई दलाचा भारतात बनवायच्या ११४ राफेलचा प्रस्ताव मंत्रालयात गेलाय. ११४ म्हणजे ६ स्क्वाड्रन. माझ्या २७ मध्ये मिळवा : ३३. त्यानंतर तेजस मार्क-२, तेही जीईच्याच एफ-४१४ इंजिनावर, आणि अ‍ॅम्का २०३५ च्या आसपास. काकांचा राखीवचा मुद्दा धरला तर ३३ चे ३१-३२ होतील. ४२ हा आकडा माझ्या मुलीच्या नोकरीच्या वयापर्यंत दिसेल असं वाटत नाही.

शेजारचं बघाल तर चीनची जे-२० लढाऊ विमानं ढिगाने येताहेत, आणि गेल्या डिसेंबरात तिथल्या चेंगडू शहरावर शेपटीविना नवीनच काहीतरी उडताना दिसलं. पाकिस्तानने मधल्या काळात चीनची जे-१० सी घेतली. तिथे आकडे वर जाताहेत आणि आपण २७ की ३३ यावर बोलतोय.

---

घोडबंदरचा_बाळ्या | रात्री ८:०२

मग करायचं काय? जुनी उडवत ठेवायची?

---

माजी_ओझरकर | रात्री ९:१५

बाळ्या, नाइलाजाने तेच चाललंय. इतरांनी मोडीत काढलेल्या जग्वारचे सुटे भाग आपण आणले. त्यात लाज नाही, मी असल्या भागांवर विमानं उडताना बघितली आहेत. पण एक सांगतो. मिग-२१ ला लोक उडती शवपेटी म्हणायचे तेव्हा आम्हा ओझरच्या लोकांना झोंबायचं. विमान वाईट नव्हतं. ज्या वयात त्याला घरी बसवायला हवं होतं त्या वयात त्याला रोज कामाला जुंपलं, कारण बदली यायची होती आणि येत नव्हती. जग्वारच्या बाबतीत तसं होऊ नये एवढंच.

मला विचाराल तर नवीन नाव, नवीन करार हे सगळं होऊ दे. आधी ज्या सुखोई आहेत त्यांची उपलब्धता दहा टक्क्यांनी वाढवा. २६० च्या आसपास आहेत, म्हणजे २६ विमानं. दीड स्क्वाड्रन झाली, एक रुपयाचं नवीन विमान न घेता. सुटे भाग वेळेवर आणायचे, ओव्हरहॉलच्या लाइनीवर माणसं वाढवायची. त्याची बातमी होत नाही, फीत कापता येत नाही.

---

रबाळ्याचा_टर्नर | रात्री ९:२२

काका, सुटे भाग म्हणालात म्हणून विचारतो, ओझरला सुखोईच्या भागांसाठी छोट्या वेंडरची नोंदणी होते का? थेट?

---

माजी_ओझरकर | रात्री ९:४०

होते. कागद भरपूर लागतात. व्यनि (खासगी निरोप) करतो. खारघरला या एकदा, ब्रॅकेट घेऊन या, बघतो कसा कापलाय.

---

उलवेकर | २६ ऑक्टोबर, सकाळी ८:३०

धाग्यात दुरुस्ती : '१० स्क्वाड्रन' ऐवजी 'फार तर १०' वाचावं. काकांचा सुखोईचा हिशेब पाहुण्यांना फोन करून सांगितला. ते अजूनही हजारवर ठाम आहेत.